पायऱ्या मोकळ्या होताना : महाराष्ट्र बारव मोहिमेचा इतिहास, हिंगोलीतून पाहिलेला

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की नोंदणी क्रमांक, पहिले कार्यकारी मंडळ आणि कोनशिलेचा समारंभ यांपासून सुरुवात करायची रीत आहे. महाराष्ट्र बारव मोहिमेचा इतिहास लिहिताना मला मात्र सुरुवात नारूपासून करावी लागते. बारवा का बुजल्या हे कळल्याशिवाय त्या मोकळ्या करणाऱ्यांच्या कामाची किंमत कळत नाही.

मराठवाड्यातल्या साठीच्या माणसाला नारू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. विशीतल्या कार्यकर्त्यांना सांगावे लागते. बारवेत माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्याला पाय लावतो. ज्याच्या पायाला नारूचा फोड आहे तो पाण्यात उभा राहिला की फोड फुटतो, अळ्या पाण्यात पडतात आणि सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलजीवांच्या पोटात शिरतात. ते पाणी न गाळता प्यायलेल्या माणसाच्या पायातून साधारण वर्षभराने पांढऱ्या दोऱ्यासारखा, हातभर आणि कधी त्याहून लांब कृमी बाहेर येऊ लागतो. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत तो काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा, आणि तेही ऐन पेरणीच्या दिवसांत.

१९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. फडक्याने पाणी गाळून पिणे, पाण्यात औषध टाकणे आणि पायविहिरींत उतरणे बंद करणे असा तो तिहेरी उपाय होता. कुठे पायऱ्यांवर भिंत आली, कुठे कठडा बांधून रहाट बसला, कुठे बारव सरळ वापरातून काढली गेली. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या कामाला कुणी नावे ठेवू नयेत. हजारो घरांची सुटका त्यामुळे झाली. पण त्याच सुमारास बारव आणि गाव यांची ताटातूटही झाली, हे इतिहास लिहिणाऱ्याने नोंदवले पाहिजे.

ताटातुटीची सुरुवात त्याआधीच झाली होती. १९७२ च्या दुष्काळाने गावोगावी बोअर आणि हातपंप आणले. पुढे नळयोजना आल्या. पाण्याची पातळी खोल गेली तशा बारवा उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या. ज्या पायऱ्यांवर पहाटे घागरींची रांग लागायची, बाळंतीण विहीर पुजायला यायची, पोरे पोहायला शिकायची, तिथे निर्माल्य आणि फुटलेल्या तसबिरी पडू लागल्या. काठावर वेडी बाभूळ वाढली. ज्या जागेकडे गावाचे काही काम उरत नाही, ती जागा गावाला दिसायची बंद होते. त्यातून बारव शेतात असली तर धुऱ्यावरचे दगडगोटे टाकायला आणि गावात असली तर गल्लीतला कचरा लोटायला सोयीची जागा, एवढाच तिचा अर्थ उरला.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, एवढ्याने तिची ओळख पुरी होत नाही. 'अपराजितपृच्छा' या वास्तुग्रंथात पायविहिरींचे चार प्रकार दिले आहेत. एका प्रवेशाची ती नंदा, दोन प्रवेशांची भद्रा, तीन प्रवेशांची जया आणि चारही दिशांनी उतरता येणारी विजया. मराठवाड्यातल्या बारवा बहुतेक काळ्या बेसॉल्टच्या. घडवलेले चिरे चुन्यावाचून एकमेकांवर असे बसवलेले असतात की त्यांच्या वजनानेच भिंत उभी राहते. खाली उतरताना भिंतीत देवकोष्ठे लागतात. त्यात गणपती, शेषशायी विष्णू, सप्तमातृका असे देव असतात, किंवा असायचे. पाणी चढेल तशा पायऱ्या बुडतात आणि उतरेल तशा उघड्या पडतात, म्हणून कोणत्याही महिन्यात पाण्यापर्यंत पोहोचता येते. आमच्याकडे अशी प्रत्येक वास्तू सरसकट हेमाडपंती ठरते. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा तेराव्या शतकातला मंत्री. मराठवाड्यात चिऱ्यावर चिरा बसवून बांधण्याची ही पद्धत त्याच्या आधीपासून, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून चालत आलेली आहे. गावात फलक लावताना कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे असे मी दर वेळी सांगतो, कारण एकदा फलकावर लिहिलेले पुढे पन्नास वर्षे खरे मानले जाते.

या वास्तूंकडे सरकारी नजर का वळली नाही, याचे उत्तर आमच्या भूगोलात आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले. गुलाम यझदानी यांच्यासारखा जाणकार माणूस त्याचा प्रमुख होता. पण त्या खात्याची मोठी शक्ती अजिंठ्याच्या चित्रांवर आणि वेरूळच्या लेण्यांवर खर्च झाली, आणि ते योग्यही होते. पुढे १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा आला. किल्ले, मंदिरे, लेणी यांच्या याद्या झाल्या. डॉ. गो. बं. देगलूरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातली मंदिरे आणि मूर्ती यांचा अभ्यास आयुष्यभर केला. तरी गावकुसाबाहेरची एकेक बारव यादीत यायची तर आधी ती कुणीतरी मोजायला हवी होती. तेच झाले नव्हते.

ती मोजायला निघाला मुंबईत मनुष्यबळ विभागात नोकरी करणारा एक तरुण, रोहन काळे. साल २०२०. गुजरातच्या वावा, म्हणजे तिथल्या पायविहिरी, पाहून आल्यावर महाराष्ट्रात असे काय आहे, हा प्रश्न त्यांना पडला. पाटणच्या राणी की वावला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळालेला होता आणि २०१८ पासून ती शंभर रुपयांच्या नोटेवरून आपल्या सगळ्यांच्या खिशात फिरत होती. गुजरातच्या वावांवर अभ्यासकांनी पुस्तके लिहिली होती. महाराष्ट्रातल्या बारवांची मात्र एकत्र यादी मिळेना. काळे मोटारसायकल घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत फिरू लागले. बारव दिसली की छायाचित्र घ्यायचे, ठिकाण गूगलच्या नकाशावर टाकायचे आणि समाजमाध्यमांवर लोकांना विचारायचे, तुमच्या गावात आहे का? लोक सांगू लागले. शिक्षक, शेतकरी, महाविद्यालयातली मुले, गावातला इतिहासवेडा एखादा माणूस, असे कितीतरी जण आपापल्या गावच्या बारवा कळवू लागले आणि नकाशावरचा आकडा दीड हजाराच्या पुढे गेला. 'महाराष्ट्र बारव मोहीम' या नावाखाली जे उभे राहिले त्याचा पाया हा नकाशा आहे. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. फावडे हातात घेणारे लोक आपल्याकडे पूर्वीही होते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर तरुणांची पथके कितीतरी वर्षे तटावरची झाडे काढत आहेत, टाक्यांतला गाळ उपसत आहेत. पण किल्ला लांबून दिसतो. बारव जमिनीच्या पोटात असते. ती कुठे आहे हे आधी कुणीतरी सांगावे लागते.

हिंगोलीच्या माणसाने हा इतिहास का लिहावा, असे कुणी विचारील. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. आजही सोयरिकी, बाजार, दवाखाने, वारी यांच्या वाटा एकच आहेत, आणि मोहिमेला सर्वांत जोरदार साथ जिथे मिळाली तो हाच जुना परभणी जिल्हा. त्यात वालूरचे नाव पहिले घ्यावे लागते.

वालूर हे सेलू तालुक्यातले गाव. तिथली एक बारव गोल आहे आणि तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत. त्या वळणे घेत चक्राकार तळाकडे जातात. वरून पाहिले तर पाण्यातला भोवरा दगडात थिजल्यासारखी वाटते. ही बारव गाळाने आणि कचऱ्याने इतकी भरली होती की वळणांचा हा खेळ कुणाला दिसतच नव्हता. गावकऱ्यांनी श्रमदानातून ती मोकळी केली. तिची छायाचित्रे महाराष्ट्रभर फिरली आणि लोक मुद्दाम वाट वाकडी करून वालूरला येऊ लागले. २०२२ मध्ये भारतीय टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्र-पोस्टकार्डे काढली, त्यांत वालूरची बारव आहे. त्याच वर्षी २७ मार्चच्या 'मन की बात' मध्ये पंतप्रधानांनी रोहन काळे यांच्या कामाचा उल्लेख केला. या दोन गोष्टींनी मोहिमेला शहरांत ओळख मिळाली. खेड्यात मात्र वालूरनेच जास्त काम केले असे मी म्हणेन. शेजारच्या गावाने केले म्हटल्यावर आपल्या गावाला न करण्याचे कारण सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. इथे हे लिहिले पाहिजे, कारण छायाचित्रांत फक्त शेवट दिसतो.

संक्रांत सरली आणि पाणी उतरू लागले की कामाचा हंगाम. पहिल्या दिवशी कुणी आत उतरत नाही. काठावरून पाहणी होते. कुठला चिरा सुटला आहे, कुठे पोकळी आहे, सापाचे बीळ आहे का, हे पाहायचे आणि सर्पमित्राला सांगून ठेवायचे. बारव खोल आणि बंदिस्त असेल तर कंदील दोरीने खाली सोडून तो तेवत राहतो का ते पाहायचे. विझला तर खालची हवा श्वासाला योग्य नाही, तिथे माणूस उतरवायचा नाही. मग झुडपे. घाणेरी, रुई, वेडी बाभूळ हे कोयत्याने निघते. खरा वैरी पिंपळ आणि उंबर. त्यांची मुळे चिऱ्यांच्या सांध्यात शिरून दगड दगडापासून दूर करतात. उत्साहाच्या भरात मूळ ओढून काढायला गेले तर मुळाबरोबर भिंत येते. म्हणून खोड कापायचे, फुटवे पुन्हा पुन्हा छाटायचे, मूळ आत सुकू द्यायचे, आणि जिथे भिंतीचाच भार मुळावर आहे तिथे जाणकार येईपर्यंत हात लावायचा नाही.

त्यानंतर गाळ. पायऱ्यांवर एकाखाली एक माणसे उभी राहतात आणि घमेले हातोहात वर जाते. तळाशी फावडे आणि टिकाव घेतलेले दोघे-तिघे, मध्ये बाया-माणसे-पोरे, वर रिकामी घमेली परत सोडणारा एखादा म्हातारा. सुरुवातीला बोलणे चालते, तासाभराने फक्त घमेल्यांचा आवाज राहतो. वरचा थर प्लास्टिकचा आणि बाटल्यांचा. मग नारळाच्या करवंट्या, बांगड्यांच्या काचा, देवांच्या तसबिरींच्या फ्रेमा, विसर्जनाच्या गणपतींच्या सळया. त्याखाली खरा गाळ लागतो, काळा, चिकट, वास मारणारा. शेतकरी तो मागून नेतात. आणि मग कधीतरी फावड्याच्या पात्याला दगडाचा आवाज येतो. त्या जागेवर सगळे थांबतात, हाताने गाळ बाजूला करतात, आणि पायरीची कड दिसते, सरळ, धारदार, काल घडवल्यासारखी. गाळात राहिल्यामुळे तिची झीजच झालेली नसते. ज्याने ही कड स्वतः उघडी केली आहे तो माणूस पुढच्या रविवारी बोलावल्यावाचून येतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

कोरीव दगड सापडला तर तो कुणाच्या अंगणात किंवा पारावर जायचा नाही. जिथे सापडला ती जागा लिहून, छायाचित्र घेऊन, खडूने खूण करून तो बारवेच्या काठाशीच ठेवायचा. मूर्तीला शेंदूर किंवा ऑइलपेंट लावायचा नाही. दगड वाळूने किंवा आम्लाने घासायचे नाहीत. आणि सिमेंट अजिबात नाही. हा नियम गावाला पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण गावाला वाटते आपण मजबुती करतो आहोत. चुन्यावाचूनच्या बांधणीत सांध्यांतून पाणी ये-जा करते, जमिनीतले झरे त्याच वाटेने बारवेत येतात. सांधे सिमेंटने बंद केले की पाण्याचा दाब भिंतीमागे साठतो आणि पावसाळ्यात भिंत पोटात येते. जेसीबी काठावर आणण्याबद्दलही असेच. दिवसाचे काम तासात होते, पण त्याच्या वजनाने आणि हादऱ्याने शतकानुशतके बसलेले चिरे हलतात. हाताने काम करण्याचा आग्रह म्हणूनच धरावा लागतो. बारव संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय साधी डागडुजीही करता येत नाही, आणि ते बंधन योग्य आहे असे माझे मत आहे. स्वयंसेवकाने मोकळे करावे, नोंदवावे, राखावे. निखळलेली भिंत पुन्हा रचणे हे ज्याचे शास्त्र त्याने करावे.

महाशिवरात्रीला बारवांवर दिवे लावण्याची प्रथा मोहिमेने सुरू केली. बारवेच्या काठी बहुधा महादेवाचे देऊळ असते, लोक त्या दिवशी तिकडे येतातच, तेव्हा दिवसाची निवड अचूक होती. आठ दिवस आधी गाव बारव झाडते, पायऱ्यांवर रांगोळ्या पडतात, अंधार पडला की पणत्या लागतात. ज्या बाया लग्न होऊन गावात आल्यापासून त्या बारवेत कधी उतरल्या नव्हत्या त्या त्या संध्याकाळी लेकरांना घेऊन उतरतात. या दीपोत्सवाने मोहिमेला माणसे मिळवून दिली, यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी तेल पुसण्याचे आणि पणत्या गोळा करण्याचे काम मात्र तितक्याच लोकांनी करावे. दगडात मुरलेले तेल निघत नाही आणि त्यावर धूळ बसून काळा थर चढतो.

आमच्या जिल्ह्याचे म्हणाल तर औंढा नागनाथपासून सुरुवात करावी लागते. ज्योतिर्लिंग म्हणून भाविक तिथे येतात, तळघरासारख्या खोल गाभाऱ्यात वाकून उतरतात, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले ही कथा ऐकून मागच्या बाजूचा नंदी पाहतात. विसोबा खेचर आणि नामदेव यांची भेट इथलीच मानतात, आणि नामदेवांचे नर्सी आमच्याच जिल्ह्यात कयाधूच्या काठी. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, दगडी, मूर्तींनी भरलेला. रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर तिथेच आहे. वरचे शिखर नंतरचे, त्याचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. याच परिसरात सासू-सुनेची बारव आहे. दर्शनाच्या रांगेतले हजारो लोक तिच्या जवळून जातात. त्यातले किती तिच्यापाशी थांबतात, हे श्रावणातल्या एखाद्या सोमवारी तिथे उभे राहून पाहावे. एवढ्या गर्दीच्या क्षेत्रात असे, तर हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा या पाच तालुक्यांतल्या शेतांमधल्या बारवांचे काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

मोहिमेच्या या इतिहासातून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. पाणी वापरात आल्याशिवाय बारव टिकत नाही. एकदा साफ करून सोडून दिलेली बारव दोन पावसाळ्यांत पुन्हा भरते. पाणी पिण्याला नको, ते नळाचेच बरे, आणि नारूच्या आठवणीने तसा आग्रहही कुणी धरू नये. पण जनावरांना, झाडांना, लग्नकार्यातल्या वापराला, देवळाच्या आवारातल्या बागेला ते पाणी रोज कुणीतरी घेत असेल तर बारवेत कचरा टाकणाऱ्याला हटकणाराही तिथे रोज असतो. ज्या गावांनी गाळ काढल्यावर बारवेवर लहान मोटर बसवून पाणी चालू ठेवले, त्यांचे काम टिकण्याची आशा मला जास्त वाटते.

दुसरी अडचण मालकीची. पुष्कळ बारवा खासगी शेतात आहेत. सातबाऱ्यावर त्यांची नोंद साधी विहीर म्हणून असते किंवा नसतेच. वाटणीत एका भावाकडे काठ जातो, दुसऱ्याकडे वाट. अशा ठिकाणी स्वयंसेवकांनी आधी मालकाच्या ओसरीवर बसून चहा घ्यावा, त्याची परवानगी लेखी घ्यावी, गाळ त्याच्याच शेतात टाकावा आणि फलकावर त्याच्या वाडवडिलांनी ती राखली हे लिहावे. हक्काची भाषा तिथे चालत नाही. गावठाणातल्या बारवेसाठी ग्रामसभेचा ठराव करून ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत तिचे नाव घालून घ्यावे. मग सरपंच बदलला तरी नोंद राहते.

जिल्ह्यात पुढचे काम तालुकावार नोंदीचे आहे. प्रत्येक बारवेसाठी एक पान पुरते. गाव, गट क्रमांक, मालक, लांबी-रुंदी टेपने मोजून, पायऱ्या किती, प्रवेश किती, देवकोष्ठे किती आणि त्यांत काय आहे, उन्हाळ्यात पाणी राहते का, शिलालेख आहे का, आणि चारही बाजूंची छायाचित्रे. शाळेतल्या नववीच्या मुलांना हे एका दिवसात शिकवता येते आणि ती आपल्यापेक्षा काटेकोर मोजतात. ज्या वाचकाच्या गावात बारव आहे त्याने हे पान भरून मोहिमेच्या कार्यकर्त्यांकडे द्यावे. बुजलेली असली तरी द्यावे. म्हाताऱ्या माणसांना विचारून तिची जागा, तिचे गावातले नाव आणि तिच्या पाण्याची चव लिहून घ्यावी. हे सांगू शकणारी माणसे आज आहेत, आणि हे काम या पावसाळ्याआधी व्हायला हवे.